मेर्त्स यांचा विजय आणि सांगलीच्या परिचारिकेचा व्हिसा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि ते सुटे केल्याशिवाय दिलेले कोणतेही उत्तर अर्धवट ठरेल. तुम्ही लिहिता की तुम्ही मूळच्या सांगलीच्या, वय २७, बीएस्सी नर्सिंगनंतर पुण्यात आयसीयूमध्ये चार वर्षे काम केलेल्या आहात, जर्मन भाषेची बी१ (मध्यम पातळीची) परीक्षा उत्तीर्ण आहात आणि सॅक्सनी राज्यातील एका लहान शहरातल्या रुग्णालयाने तुम्हाला नोकरी देऊ केली आहे. वडिलांचे म्हणणे असे की जर्मनीत परदेशी लोकांच्या विरोधात प्रचार करणारा पक्ष सत्तेवर आला आहे, तेव्हा तिकडे जाऊच नये. एजंटचे म्हणणे नेमके उलट आहे: नवे सरकार दारे बंद करण्याआधी सही करा आणि पैसे भरा. या दोघांपैकी बरोबर कोण, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते दोघांचाही पाया एकच आहे आणि तो कच्चा आहे. ‘स्थलांतर’ ही एकच गोष्ट आहे आणि निवडणुकीचा निकाल म्हणजे तिला दिलेला होकार किंवा नकार, असे दोघांनीही धरले आहे. मी २२ वर्षे स्टुटगार्टमध्ये राहते. पहिली काही वर्षे शपथबद्ध दुभाषी म्हणून सरकारी कार्यालयांत आणि न्यायालयांत उभी राहिले, आणि त्यानंतर आजपर्यंत स्थलांतरितांसाठीच्या एका सल्ला केंद्रात काम करते. माझ्या टेबलासमोर सकाळी सिरियातून आलेले कुटुंब बसते आणि दुपारी केरळची किंवा विदर्भाची परिचारिका. त्यांच्या फायली वेगळ्या, कायद्याची कलमे वेगळी, अर्ज तपासणारे विभागही बहुधा वेगळे असतात. टीव्हीवरच्या चर्चेत मात्र ते सगळे एकाच शब्दात कोंबले जातात. मी वकील नाही. तुमचे अंतिम उत्तर तुमच्या करारातील मजकुरावर, पात्रतेच्या मान्यतेवर आणि त्या विशिष्ट गावावर अवलंबून राहील. तरीही निवडणुकीने काय बदलले आणि काय बदलले नाही, हे मी बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकते.

आधी निकाल नीट पाहू. २३ फेब्रुवारी २०२५ रोजी झालेल्या निवडणुकीत ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियन आणि तिचा बव्हेरियातील भगिनी पक्ष ख्रिश्चन सोशल युनियन यांना मिळून २८.५ टक्के मते मिळाली आणि ते पहिल्या क्रमांकावर आले. फ्रीडरिश मेर्त्स, ज्यांना मराठी वृत्तपत्रे मर्झ लिहितात, चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाले. याला ‘दणदणीत विजय’ म्हणणाऱ्या बातम्या तुमच्या वडिलांनी वाचल्या असतील, परंतु महायुद्धानंतरच्या इतिहासात या दोन पक्षांना यापेक्षा कमी मते फक्त एकदाच, २०२१ मध्ये मिळाली होती. स्थलांतराला उघड विरोध करणाऱ्या एएफडी या अतिउजव्या पक्षाने आपली मते दुप्पट करून २०.८ टक्क्यांवर नेली, आणि मावळते चॅन्सेलर शोल्त्स यांचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष १६.४ टक्क्यांवर घसरला. मतदान ८२.५ टक्के झाले, जे जर्मनीच्या एकीकरणानंतरचे सर्वाधिक आहे. लोक उदासीन होते म्हणून असा निकाल लागला, असे म्हणता येत नाही.

आता हे आकडे तुमच्या व्हिसाशी कसे जोडले जातात ते सांगते. ६३० जागांच्या बुंडेस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, बहुमताला ३१६ जागा लागतात. मेर्त्स यांच्याकडे २०८ होत्या. एएफडीबरोबर सरकार बनवायचे नाही, या जर्मन राजकारणातील निर्बंधाला येथे ‘ब्रांडमाउअर’, म्हणजे आग पसरू नये म्हणून बांधलेली भिंत, म्हणतात. ती भिंत पाळायची तर १२० जागा असलेल्या सोशल डेमोक्रॅटांशिवाय पर्याय नव्हता, आणि दोघांची बेरीज ३२८ होते. म्हणजे केवळ बारा जागांचे जादा बहुमत. ते किती नाजूक आहे हे ६ मे २०२५ रोजीच दिसले. गुप्त मतदानाच्या पहिल्या फेरीत मेर्त्स यांना ३१० मते पडली आणि ते अपयशी ठरले, जे त्या प्रजासत्ताकाच्या इतिहासात कोणत्याही भावी चॅन्सेलरच्या बाबतीत घडले नव्हते. दुसऱ्या फेरीत ते निवडून आले. असे सरकार प्रचारात बोललेले सगळे करू शकत नाही, कारण प्रत्येक कायद्यासाठी त्याला अशा सहकाऱ्याची मते लागतात ज्याने प्रचारात वेगळेच काही सांगितले होते.

प्रचारात स्थलांतराचा मुद्दा इतका वर का आला, हेही वडिलांना सांगा, कारण त्यांच्या भीतीचे मूळ तिथे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये झोलिंगनच्या उत्सवात चाकूहल्ल्यात तिघांचा मृत्यू झाला. डिसेंबरमध्ये माग्डेबुर्गच्या ख्रिसमस बाजारात एका माणसाने गर्दीत मोटार घातली. २२ जानेवारी २०२५ रोजी आशाफेनबुर्गच्या बागेत दोन वर्षांचे बालक आणि त्याला वाचवू पाहणारा माणूस मारले गेले आणि संशयित अफगाण होता, ज्याने देश सोडणे अपेक्षित होते. त्या आठवड्यात माझ्या ओळखीचे शांत, भले जर्मन शेजारीही अस्वस्थ होते, आणि त्यांच्या अस्वस्थतेला सरसकट वंशद्वेष म्हणणे मला अप्रामाणिक वाटते. एका लेकराचा जीव गेला होता आणि यंत्रणा कुठे चुकली हा प्रश्न न्याय्यच होता.

मेर्त्स यांनी त्याला दिलेले उत्तर मात्र मला चुकीचे वाटले आणि आजही वाटते. २९ जानेवारीला त्यांनी आश्रय मागणाऱ्यांना सीमेवरूनच परत पाठवण्यासह पाच मुद्द्यांचा ठराव मांडला आणि तो ३४८ मते मिळवून, अगदी थोड्या फरकाने मंजूर झाला. एएफडीच्या मतांशिवाय तो मंजूर झाला नसता. दोन दिवसांनी मांडलेले विधेयक मात्र पडले; खुद्द मेर्त्स यांच्या पक्षातील काही सदस्यही मतदानाला आले नाहीत. त्यांच्याच पक्षाच्या माजी चॅन्सेलर आंगेला मेर्केल यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली आणि बर्लिनमध्ये लाखाहून अधिक लोक रस्त्यावर उतरले. कठोर भाषा वापरली तर एएफडीचे मतदार परत येतील, असा हिशोब या खेळीमागे होता. चार आठवड्यांनी त्या पक्षाची मते दुप्पट झालेली दिसली, आणि त्यानंतरच्या अनेक चाचण्यांत तो मेर्त्स यांच्या पक्षाच्या बरोबरीला आलेला दिसतो. दुसऱ्याचा मुद्दा उचलला की त्याचा मतदार आपल्याकडे येतोच असे नाही. पुष्कळदा त्या मुद्द्यालाच प्रतिष्ठा मिळते.

सरकार आल्यानंतर प्रत्यक्षात काय बदलले, ते आता पाहू. सत्ता हाती येताच, ७ मे २०२५ रोजी, गृहमंत्री अलेक्झांडर डोब्रिंट यांनी सीमेवर आश्रय मागणाऱ्यांनाही परत पाठवण्याचा आदेश दिला. लहान मुले, गरोदर स्त्रिया यांना त्यातून सूट आहे. महिनाभरात, २ जूनला, बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाने सोमालियाच्या तीन नागरिकांच्या प्रकरणात असे परत पाठवणे बेकायदेशीर ठरवले, कारण युरोपीय नियमांनुसार त्या अर्जांना कोणता देश जबाबदार आहे हे आधी तपासणे आवश्यक होते. सरकारने तो निर्णय त्या तिघांपुरता आहे अशी भूमिका घेऊन धोरण चालू ठेवले. दुसरा बदल कुटुंबांविषयीचा. पूर्ण निर्वासित दर्जा नसलेल्या, पण युद्धासारख्या कारणाने परत पाठवता येत नाही अशा माणसांना जर्मनीत ‘दुय्यम संरक्षण’ मिळते. त्यांना बायकामुले आणता येत, महिन्याला एक हजार व्हिसांच्या मर्यादेत. जुलै २०२५ पासून ते दोन वर्षांसाठी थांबवले आहे. तिसरा बदल नागरिकत्वाचा. विशेष प्रगती दाखवणाऱ्यांना तीन वर्षांत नागरिकत्व देणारी तरतूद ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्द झाली. पाच वर्षांचा नियम मात्र तसाच आहे. मागच्या सरकारने तो आठवरून पाचवर आणला होता आणि मेर्त्स यांच्या पक्षाला तो मान्य नव्हता, तरी सोशल डेमोक्रॅटांनी तो सोडला नाही. बारा जागांच्या बहुमताचा अर्थ असा प्रत्यक्षात उतरतो.

या तीनपैकी दुसऱ्या बदलाविषयी मी तटस्थपणे लिहू शकत नाही. माझ्यासमोर बसलेल्या एका सिरियन सुताराने चार वर्षे रांगेत काढली होती. त्याची मुलगी त्याला फक्त मोबाईलच्या पडद्यावर ओळखते. तो कर भरतो, जर्मन बोलतो, आणि रांग थांबल्याचे त्याला मलाच सांगावे लागले. आकड्यांच्या दृष्टीने हा छोटा बदल आहे. त्या घराच्या दृष्टीने नाही.

एक गोष्ट बातम्यांत सहसा सुटते. आश्रयासाठीचे पहिले अर्ज २०२३ मध्ये सुमारे ३.२९ लाख होते आणि २०२४ मध्ये सुमारे २.३० लाख, म्हणजे घसरण निवडणुकीच्या आधीच सुरू झाली होती. सर्व भूसीमांवर तपासणी सप्टेंबर २०२४ मध्ये मागच्याच सरकारने लावली होती. २०२५ मध्ये अर्ज आणखी घटले, त्यात डिसेंबर २०२४ मध्ये सिरियातील असद राजवट कोसळल्याचा मोठा वाटा आहे. त्यामुळे ‘नवे सरकार आले आणि लोंढा थांबला’ असे कोणी सांगितले, तर ते अर्धेच खरे आहे.

तुमच्यासारख्यांसाठी यातले काय बदलले? कायद्याच्या पातळीवर जवळजवळ काहीच नाही. कुशल कामगारांविषयीचा कायदा नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या काळात टप्प्याटप्प्याने सैल झाला आणि नव्या सरकारने त्याला हात लावलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे ठरले, तेही कायम आहे. नव्या युती करारात तर परदेशी कुशल कामगारांचे सगळे काम एका डिजिटल यंत्रणेतून करण्याचे आश्वासन आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा आमचे इथले राज्य सरकार मेर्त्स यांच्या पक्षाच्या सहभागानेच चालत होते. कारण साधे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी निवृत्त होत आहे आणि श्रमबाजाराचे अभ्यासक सांगतात की कामकरी लोकसंख्या टिकवायची तर दरवर्षी जाणाऱ्यांपेक्षा सुमारे चार लाख लोक जास्त यायला हवेत. रुग्णालये कोणत्याही पक्षाच्या भाषणावर चालत नाहीत.

इथपर्यंतचे थोडक्यात असे: बदल आश्रय, दुय्यम संरक्षणाखालील कुटुंबे आणि झटपट नागरिकत्व यांत झाले, नोकरीसाठी येणाऱ्या परिचारिकेचा मार्ग तसाच आहे. एजंटची घाई निराधार आहे आणि वडिलांची भीती, निदान व्हिसापुरती, अस्थानी आहे.

परंतु इथेच थांबले तर मी तुम्हाला अर्धे सत्य सांगून पाठवल्यासारखे होईल. आपल्या लोकांत एक वाक्य वारंवार ऐकू येते: ‘हे सगळे निर्वासितांविरुद्ध आहे, आपण तर शिकलेले, कर भरणारे, आपल्याला काय त्याचे.’ ते ऐकले की मला सन २००० आठवते. चॅन्सेलर श्र्योडर यांनी संगणक क्षेत्रातील परदेशी तज्ज्ञांसाठी, विशेषतः भारतीयांसाठी, ‘ग्रीन कार्ड’ योजना जाहीर केली होती. त्या वर्षी नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या निवडणुकीत मेर्त्स यांच्याच पक्षाचे उमेदवार युर्गन र्‍युटगर्स यांची मोहीम ‘किंडर श्टाट इंडर’, म्हणजे ‘भारतीयांऐवजी आपली मुले’, या नावाने देशभर गाजली. त्या वेळी तर आपणच शिकलेले आणि कर भरणारे होतो. ती निवडणूक ते हरले, आणि आज त्याच पक्षाचे सरकार भारतीयांना बोलावते आहे. बोट कोणाकडे दाखवायचे हे काळानुसार बदलत जाते. ऑगस्ट २००७ मध्ये सॅक्सनीतील म्युगल्न या गावच्या जत्रेत आठ भारतीयांचा जमावाने पाठलाग करून त्यांना मारहाण केली, तेव्हा त्यांचा व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे हे कोणी विचारले नव्हते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेर्त्स यांनी स्थलांतराविषयी बोलताना ‘शहराच्या चित्रात’ अजून अडचण दिसते, असे म्हटले. नंतर त्यांनी खुलासा केला की कायमचा परवाना नसलेले, काम न करणारे आणि नियम न पाळणारे लोक त्यांना अभिप्रेत होते, आणि परदेशी कामगारांशिवाय देश चालणार नाही हेही ते बोलले. खुलासा कागदावर नीट आहे. पण त्या आठवड्यात कोट्टायमच्या एका परिचारिकेने मला विचारले, ‘रात्रपाळी संपवून मी ट्राममध्ये बसते, तेव्हा मी कोणत्या चित्रात दिसते?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. परवाना पर्समध्ये असतो आणि रंग चेहऱ्यावर, त्यामुळे वरच्या पातळीवर केलेला भेद ट्रामच्या थांब्यावर टिकत नाही. आणि खुद्द ते गटही इतके वेगळे नाहीत. जर्मन रुग्णालयांत पाच हजारांहून अधिक सिरियन डॉक्टर आहेत आणि त्यांतील कितीतरी जण निर्वासितांच्या काळातच या देशात आले. तुमच्या वॉर्डातील वरिष्ठ डॉक्टर त्यांपैकीच कोणी असण्याची शक्यता बरीच आहे.

आता सॅक्सनीचा प्रश्न. तिथे एएफडीला ३७ टक्क्यांहून अधिक मते मिळाली, आमच्याकडे बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये २० टक्क्यांच्या आत. हा फरक खरा आहे आणि तो लपवणारा माणूस तुमचा हितचिंतक नव्हे. पण त्यातून सरळ निष्कर्षही काढू नका. लाइपझिग आणि एखादे सीमेजवळचे गाव, दोन्ही सॅक्सनीतच आहेत. माझ्या ओळखीच्या एका मराठी परिचारिकेला अशाच लहान गावात वृद्ध रुग्णांनी लेकीसारखे सांभाळले, आणि दुसरी सहा महिन्यांत सोडून आली, कारण संध्याकाळी बसथांब्यावर रोज शिव्या ऐकाव्या लागत. दोघींमध्ये फरक पडला तो प्रामुख्याने रुग्णालयामुळे. पहिलीच्या रुग्णालयात आधीपासून नऊ परदेशी परिचारिका होत्या, राहण्याची सोय चालत जाण्याइतक्या अंतरावर होती आणि परदेशी कर्मचाऱ्यांची जबाबदारी एका व्यक्तीवर नावानिशी सोपवलेली होती. दुसरी तिथली पहिलीच परदेशी होती. म्हणून तुम्हाला देऊ केलेल्या नोकरीबद्दल हेच विचारा: आत्ता किती परदेशी परिचारिका आहेत, त्यांतील दोघींशी मालकाच्या गैरहजेरीत बोलता येईल का, घर कुठे आहे, रात्रपाळीनंतर परतायचे कसे. जे रुग्णालय याची उत्तरे टाळते, ते कोणत्याही राज्यात असले तरी नको.

एजंटविषयी स्पष्ट लिहिते. परिचारिकांच्या प्रामाणिक भरतीत खर्च जर्मन मालकाने करायचा असतो. त्यासाठी जर्मन सरकारचे ‘न्याय्य भरती’चे दर्जाचिन्हही आहे आणि ते मिळवलेल्या संस्थांना उमेदवाराकडून शुल्क घेता येत नाही. राजकारणाची भीती घालून पैसे मागणाऱ्याला मी माझ्या मुलीच्या बाबतीत दारातूनच परत पाठवले असते. करारात परतफेडीचे कलम आहे का तेही पाहा, म्हणजे दोन-तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर इतके हजार युरो परत करायचे, अशा अर्थाचे. अशा कलमांमुळे त्रासदायक ठिकाण सोडता येत नाही, आणि वातावरण बिघडलेच तर सोडून जाण्याचे स्वातंत्र्य हीच तुमची खरी सुरक्षा आहे.

वडिलांचा एक प्रश्न मात्र शिल्लक राहतो आणि तो रास्त आहे: आज ठीक, पण २०२९ च्या निवडणुकीत एएफडी आणखी वाढली तर? त्याचे भाकीत मी करणार नाही, पण वेळेचा हिशोब मांडू शकते. ‘आनएर्केनुंग’, म्हणजे पात्रतेची मान्यता, मिळेपर्यंत तुम्ही सहायक म्हणून कमी पगारावर काम कराल. मान्यतेनंतर कुशल कामगाराचा परवाना मिळतो, आणि त्या परवान्यावर तीन वर्षे पूर्ण झाली, सामाजिक विम्याचे हप्ते भरलेले असले आणि बी१ असले, की कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. तो काढून घेणे कोणत्याही सरकारला सहज जमत नाही. म्हणजे तुमचे घड्याळ विमानतळावर नव्हे, मान्यतेच्या दिवशी सुरू होते. म्हणून मी सगळ्यांना सांगते की बी२, म्हणजे बी१च्या पुढची भाषेची पातळी, पुण्यातच पूर्ण करून या, कारण बहुतेक राज्यांत परिचारिकेच्या मान्यतेला ते लागते आणि पाळ्या करत ते शिकताना मुलींची एक-दोन वर्षे सहज जातात. पुण्यात आणखी सहा महिने घालवणे, हे इथली दीड वर्षे वाचवणे आहे. नागरिकत्वाचा विचार त्यानंतरचा. जर्मनी दुहेरी नागरिकत्व चालवून घेते, पण भारत घेत नाही, तेव्हा भारतीय पासपोर्ट सोडून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) घ्यावे लागेल, आणि तो निर्णय वडिलांशी बोलूनच घ्या.

तेव्हा आता सही करू नका, नकारही कळवू नका. रुग्णालयाला वरचे प्रश्न लेखी पाठवा आणि बी२च्या वर्गात नाव घाला. करार हाती असल्यास परतफेडीचे कलम, कामाचे साप्ताहिक तास आणि मान्यता मिळेपर्यंतचा पगार, एवढा मजकूर नावे झाकून इथे टाका. मी वाचून सांगेन. इथे आल्यावर कामाच्या ठिकाणी अडचण आली, तर ‘फेअर इंटिग्रेशन’ नावाची विनामूल्य सल्ला केंद्रे प्रत्येक राज्यात आहेत, सॅक्सनीतही.